पिंपरीहून पाषाणला कोण पोहोचते?

पिंपरीचे नाव एका सूक्ष्मजीवाला दिलेले आहे, हे पिंपरीत राहणाऱ्या फार थोड्यांना ठाऊक असेल. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना इथे उभा राहिला. तिथल्या संशोधन विभागात एम. जे. तिरुमलाचार यांनी ‘स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना’ या जिवाणूची शास्त्रीय नोंद केली, आणि त्याच जिवाणूपासून पुढे हॅमायसिन हे बुरशीजन्य रोगांवरचे औषध मिळाले. म्हणजे हे शहर मोटारी आणि स्कूटरींसाठी ओळखले जाऊ लागण्याच्या आधीच इथे अव्वल दर्जाचे संशोधन झाले होते. तरीही आज आकुर्डी, भोसरी किंवा चाकणच्या कामगार वस्तीतल्या मुलाने वा मुलीने रसायनशास्त्रात बी.एस्सी. केले की घरात एकच प्रश्न विचारला जातो : कंपनीत कधी लागणार? या प्रश्नात चूक काही नाही. महिन्याचे भाडे, धाकट्या भावंडांची फी आणि गावाकडचे कर्ज ज्या घराला दिसते, ते घर हाच प्रश्न विचारणार. माझा आक्षेप आहे तो त्या मुलीपुढे दुसरा पर्याय ठेवलाच जात नाही याला, आणि पुढे तिच्याकडे बोट दाखवून ‘या मुलांची संशोधनाची तयारीच नसते’ असे म्हटले जाते त्याला.

अंतराचा विचार केला तर अडचण काहीच दिसत नाही. पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, म्हणजे एनसीएल, १९५० पासून आहे. तिच्या शेजारी आयसर ही विज्ञान शिक्षण आणि संशोधनाची केंद्रीय संस्था २००६ साली आली. पुणे विद्यापीठाच्या आवारात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था आहे आणि रेडिओ खगोलभौतिकीचे राष्ट्रीय केंद्रही आहे. पिंपरीहून ही सगळी ठिकाणे वीस किलोमीटरच्या आत येतात. चाकणहून उलट दिशेने, नाशिक रस्त्याला लागले तर राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव ओलांडून खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण उभी आहे. याच रस्त्यांवर आकुर्डीचे प्रा. रामकृष्ण मोरे महाविद्यालय, सांगवीचे बाबुरावजी घोलप महाविद्यालय, पिंपरीचे रयत शिक्षण संस्थेचे महात्मा फुले महाविद्यालय, राजगुरुनगरचे हुतात्मा राजगुरू महाविद्यालय आणि मंचरचे अण्णासाहेब आवटे महाविद्यालय आहे. या भागातल्या महाविद्यालयांच्या वर्गांत मराठवाडा, विदर्भ, खानदेशातून पोटासाठी आलेल्या कामगारांची मुले बसतात. खेड, आंबेगाव, जुन्नरच्या पश्चिमेकडच्या डोंगराळ भागातून, आश्रमशाळेत शिकून आलेली महादेव कोळी आणि ठाकर समाजाची मुलेही इथेच येतात. घरात पदवीपर्यंत पोहोचलेली ही बहुतेकांची पहिलीच पिढी. देशपातळीवरचे चित्र पाहिले तर अशा समाजघटकांतून वर किती जण जातात याचा अंदाज येतो. २०१५ ते २०१९ या काळात आयआयटींमध्ये पीएच.डी.साठी प्रवेश घेतलेल्यांत अनुसूचित जातींचा वाटा सुमारे ९ टक्के आणि अनुसूचित जमातींचा जेमतेम २ टक्के होता. कायद्याने राखीव असलेले प्रमाण अनुक्रमे १५ आणि साडेसात टक्के आहे.

मग तयारी म्हणजे नेमके काय? गुण आणि प्रवेश परीक्षा, हे उत्तर सगळेच देतात, पण ते अपुरे आहे. बी.एस्सी.च्या प्रॅक्टिकलमध्ये उत्तर आधीच ठाऊक असते. टायट्रेशनचे रीडिंग अपेक्षित आकड्याच्या आसपास आले की जर्नलवर सही होते. संशोधनात उत्तर कुणालाच ठाऊक नसते, मार्गदर्शकालाही नसते. सहा-सहा महिने प्रयोग फसतो, आणि तो का फसला हे शोधणे हेच काम असते. ही सवय पुस्तकातून लागत नाही, प्रयोगशाळेत रोज जाऊन लागते. दुसरी गोष्ट म्हणजे शोधनिबंध वाचणे. सेमी-इंग्रजीतून दहावी झालेल्या मुलाला पाठ्यपुस्तकाचे इंग्रजी जमते, पण दाट मांडणीचा दहा पानी निबंध कुठून वाचायला घ्यावा, आकृत्या आधी पाहाव्यात की प्रस्तावना, हे कुणीतरी शेजारी बसून दाखवावे लागते. तिसरी गोष्ट ओळखीची. शिफारसपत्र लिहिणाऱ्या प्राध्यापकाने त्या विद्यार्थ्याला काम करताना पाहिलेले असावे लागते; नव्वद जणांच्या वर्गात ‘अमुक विद्यार्थी नियमित व आज्ञाधारक आहे’ यापलीकडे कुणी काय लिहिणार? आणि चौथी, सगळ्यांत साधी गोष्ट म्हणजे माहिती. विज्ञानातल्या पीएच.डी.साठी विद्यावेतन मिळू शकते, नेट या पात्रता परीक्षेत वरचे स्थान मिळवून मिळणारी जेआरएफ ही अधिछात्रवृत्ती जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहे आणि घरभाडे भत्ता वेगळा, हे कामगार वस्तीत कितीशा घरांना माहीत आहे? पीएच.डी. म्हणजे आणखी पाच वर्षे फी भरणे, असाच समज सर्वत्र असतो. चाकणमधल्या कंपनीत शिकाऊ म्हणून मिळणाऱ्या पगाराची या रकमेशी तुलना करण्याची संधीच त्या घराला मिळत नाही.

या चौथ्या गोष्टीचे मोल किती असते ते जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनी यांच्या उदाहरणातून दिसते. त्या माहेरच्या भागवत, लेखिका दुर्गाबाई भागवतांच्या बहीण. १९३३ साली मुंबई विद्यापीठातून बी.एस्सी.ला पहिल्या आलेल्या कमलाबाईंना बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी स्त्री म्हणून प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत, तेव्हा त्यांना वर्षभर प्रायोगिक तत्त्वावर, अटी घालून घेतले गेले. काम पाहिल्यावर रामन यांचे मत बदलले आणि त्या संस्थेची दारे मुलींना उघडली. पुढे १९३९ साली कमलाबाई केंब्रिजमधून पीएच.डी. झाल्या, वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम-सी असते हा त्यांचा शोध. ही कथा आपण बाणेदारपणाची म्हणून सांगतो, आणि ती तशी आहेच. पण तिच्यातला एक तपशील आपण पुरेसा लक्षात घेत नाही : कमलाबाईंचे वडील आणि काका हे दोघेही त्याच बंगळुरूच्या संस्थेत शिकलेले रसायनशास्त्रज्ञ होते. ती संस्था कुठे आहे, तिथे काय शिकवतात, नकाराचे पत्र आले तरी तिथे जाऊन भांडता येते, हे सारे त्यांना घरातच कळले होते. स्त्री म्हणून मिळालेला नकार त्यांना एकटीला पेलावा लागला. संशोधनाच्या जगाची ओळख मात्र वारशाने आली. आज महात्मा फुले महाविद्यालयात शिकणाऱ्या कामगाराच्या मुलीकडे तो वारसा नाही. तो द्यायचा तर संस्थेनेच द्यावा लागेल.

इथे हमखास पुढे येणारा युक्तिवाद जिद्दीचा असतो. ज्याला शिकायचे तो रस्त्यावरच्या दिव्याखाली बसूनही शिकतो, असे म्हणत रघुनाथ माशेलकरांचे उदाहरण दिले जाते. लहानपणी वडील गेले, आईने कष्ट करून वाढवले, गिरगावातल्या पालिकेच्या शाळेत शिकलेला मुलगा पुढे एनसीएलचा संचालक आणि सीएसआयआरचा महासंचालक झाला. या उदाहरणाचा उरलेला भागही सांगायला हवा. शालान्त परीक्षेत बोर्डात अकरावे येऊनही माशेलकरांचे शिक्षण पैशांअभावी थांबण्याच्या बेतात होते. सर दोराबजी टाटा न्यासाने सहा वर्षे दरमहा ६० रुपयांची शिष्यवृत्ती दिली, म्हणून ते पुढे जाऊ शकले. त्यानंतर मुंबईच्या यूडीसीटीसारख्या संस्थेत मनमोहन शर्मा यांच्यासारखा मार्गदर्शक मिळाला. जिद्द होतीच, पण तिच्या पाठीशी खात्रीचा पैसा सहा वर्षे होता आणि कसलेला गुरू होता. बोर्डात अकरावा आलेला मुलगा जिथे अडणार होता, तिथे साठ टक्क्यांचा, पण डोक्याने तितकाच चांगला मुलगा नुसत्या जिद्दीवर पुढे जाईल ही अपेक्षा अन्यायाची आहे.

तयारी घडवता येते याचा सर्वांत भक्कम पुरावा अमेरिकेतला आहे. १९७०च्या दशकात बर्कलेच्या विद्यापीठात उरी ट्रीझमन या गणिताच्या शिक्षकाला प्रश्न पडला की कृष्णवर्णीय विद्यार्थी कॅल्क्युलसमध्ये इतके का मागे पडतात. सहकाऱ्यांची उत्तरे तयार होती : इच्छा कमी, शाळेचा पाया कच्चा, घरून पाठबळ नाही. ट्रीझमन यांनी विद्यार्थ्यांच्या खोल्यांवर जाऊन ते अभ्यास कसा करतात ते पाहिले, आणि ही तिन्ही उत्तरे टिकली नाहीत. ही मुले भरपूर अभ्यास करत होती, पण एकेकटी. चिनी वंशाची मुले मात्र एकत्र बसून, एकमेकांची गणिते तपासत, चुका हसतखेळत दाखवत शिकत होती. यावर ट्रीझमन यांनी दुबळ्यांसाठीचा शिकवणी वर्ग काढला नाही. नेहमीपेक्षा अवघड गणिते गटाने सोडवण्याची कार्यशाळा सुरू केली. तिच्यात आलेल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे निकाल झपाट्याने सुधारले. १९८८ मध्ये मेरिलँड विद्यापीठाच्या बाल्टिमोर काउंटी शाखेत फ्रीमन ह्राबोव्स्की यांनी सुरू केलेल्या मायरहॉफ शिष्यवृत्ती योजनेने हेच तत्त्व विस्तारले : पहिल्या वर्षाआधी उन्हाळी वर्ग, गटाने अभ्यास, लवकर प्रयोगशाळा आणि पूर्ण शिष्यवृत्ती. या योजनेचा अभ्यास करणाऱ्यांनी तुलना मोठ्या विचाराने केली. ज्यांना निमंत्रण मिळाले पण ते नाकारून जे दुसरीकडे गेले, म्हणजे गुणवत्तेत तितकेच असलेले विद्यार्थी, त्यांच्यापेक्षा योजनेतले विद्यार्थी सुमारे पाचपट प्रमाणात पीएच.डी.कडे वळले. मुलांच्या कुवतीत फरक नव्हता, त्यांच्याभोवती जे उभे केले गेले त्यात होता.

आपल्या पिंपरी-चाकण पट्ट्याला सगळ्यांत जवळचे उदाहरण मात्र अमेरिकेतल्याच नॅशव्हिलचे. तिथे फिस्क हे कृष्णवर्णीयांसाठी निघालेले, लहान आणि पैशाने तंग असलेले विद्यापीठ आहे, आणि त्याच शहरात, जेमतेम तीन-चार किलोमीटरवर, व्हँडरबिल्ट हे संपन्न संशोधन विद्यापीठ. दोघे एकमेकांना जवळजवळ अनोळखी होते. २००४ पासून त्यांनी एक पूल बांधला : विद्यार्थी फिस्कमध्ये विद्यावेतनासह दोन वर्षांचे एम.ए. करतो, पण संशोधन व्हँडरबिल्टच्या प्रयोगशाळेत करतो, तिथला एखादा अवघड विषय तिथल्या विद्यार्थ्यांबरोबर बसून शिकतो, आणि त्याची प्रगती कुणीतरी सतत पाहत राहतो. दोन वर्षांनी पीएच.डी.च्या प्रवेशाची वेळ येते तेव्हा व्हँडरबिल्टचे प्राध्यापक त्याला एका दिवसाच्या परीक्षेतल्या गुणांवरून नव्हे, दोन वर्षांच्या कामावरून ओळखत असतात. २०१४ साली ‘नेचर’मध्ये या योजनेच्या प्रवर्तकांनी लिहिले की त्यांचे सुमारे ८० टक्के विद्यार्थी पीएच.डी. झाले आहेत किंवा त्या वाटेवर नीट चालले आहेत. अमेरिकेत देशभर पीएच.डी. पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण निम्म्याच्या आसपास होते. पिंपरी आणि पाषाण यांच्यात असा पूल बांधायला कुठला कायदा आड येतो?

अमेरिकेचा दाखला इथे कशाला, असे कुणी म्हणेल. तर आपल्याकडेही या धर्तीची कामे झालेली आहेत. गणितात प्रा. एस. कुमारेसन यांनी १९९३ पासून एमटीटीएस ही उन्हाळी शिबिरे चालवली. साध्या महाविद्यालयांतून आलेल्या मुलांना प्रश्न विचारत, स्वतःचे युक्तिवाद स्वतः तपासायला लावत, तिथे शिकवले जाते. मुंबईत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने २००४ पासून एनआययूएस हा उपक्रम चालवला. त्यात बी.एस्सी.चे विद्यार्थी सुट्ट्यांत पुन्हा पुन्हा येऊन एकाच विषयावर दीर्घकाळ संशोधन करतात, आणि येण्याजाण्याचा, राहण्याचा खर्च केंद्र करते. तिन्ही विज्ञान अकादमी मिळून देतात ती उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती आहे, पुण्यातल्या रेडिओ खगोलशास्त्राच्या हिवाळी शाळा आहेत. पद्धत माहीत नाही असे म्हणायला जागाच नाही. पण जागा थोड्या, आणि निवड अशी की ज्याला आधीच माहिती आहे तोच अर्ज करतो. एम.एस्सी. व एकात्मिक पीएच.डी.साठीची जॅम परीक्षा केवळ इंग्रजीत असते. सीएसआयआर नेटला इंग्रजीबरोबर हिंदी आहे, मराठी नाही. परीक्षा मराठीत आणा असा माझा आग्रह नाही, कारण पुढचे सारे काम इंग्रजीतच आहे. पण मग ते इंग्रजी शिकवण्याची जबाबदारी कुणाची हे तरी ठरवायला हवे. नव्या शैक्षणिक धोरणातले पदवीचे चौथे, संशोधनाचे वर्ष ही मोठी संधी आहे, पण त्यालाही पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुणांची अट आहे. पहाटेची शिफ्ट करून कॉलेजला येणारा मुलगा त्या अटीत बसला नाही, तर ज्याला संशोधनाच्या अनुभवाची सर्वांत जास्त गरज आहे तोच बाहेर राहील.

शिफ्टचा उल्लेख केला, कारण माझ्या मते खरा अडसर तिथे आहे. बुद्धी, भाषा, माहिती या साऱ्यांवर मार्ग निघतात. पण ज्याला दुपारी दोनला कामावर जायचे आहे तो प्रयोगशाळेत थांबू शकत नाही. चांगले संशोधन शिकण्याचे तास तर नेमके दुपारी दोननंतरचेच असतात. मुलींच्या बाबतीत यात संध्याकाळची बस आणि घरच्यांची काळजी मिळवावी लागते. जेआरएफचे पैसे एम.एस्सी.नंतर मिळतात, ज्या दोन-तीन वर्षांत विद्यार्थी गळतो, त्या वर्षांत जवळजवळ काहीच नाही. ‘स्वाधार’सारख्या योजना राहण्या-जेवणाचा भार उचलतात, त्या हव्यातच, पण त्यांचा संशोधनाशी संबंध नाही. खरे तर यावरचा उपाय आपल्याच परंपरेत आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था १९१९ साली काढली, आणि श्रम करून शिकण्याची त्यांची कल्पना आज त्यांच्याच नावाने विद्यापीठाच्या ‘कमवा आणि शिका’ योजनेत चालू आहे. पण त्या योजनेतले तास बहुधा बागेत, कार्यालयात किंवा ग्रंथालयात जातात. तेच तास प्रयोगशाळेत का मोजू नयेत? उपकरण चालवणे, नमुने तयार करणे, नोंदी ठेवणे हे श्रमच आहेत, आणि त्यातूनच संशोधक घडतो.

पैसा कुठून आणायचा, हा रास्त प्रश्न. कंपनी कायदा २०१३च्या कलम १३५ नुसार ठरावीक मर्यादेपेक्षा मोठ्या कंपन्यांना तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्चावी लागते, आणि शिक्षण त्यात बसते. हिशेब करून पाहू. या पट्ट्यातल्या महाविद्यालयांतून ५० विद्यार्थी निवडले, प्रत्येकाला दरमहा १०,००० रुपये दोन वर्षे दिले, तर एकूण खर्च १ कोटी २० लाख होतो. चाकणच्या मोठ्या वाहन कंपनीला ही रक्कम जड नाही. मात्र हे वेतन दर महिन्याला, न चुकता मिळाले पाहिजे. सरकारी अधिछात्रवृत्त्या रखडल्या म्हणून संशोधक विद्यार्थ्यांना रस्त्यावर उतरावे लागल्याचे महाराष्ट्राने अलीकडे अनेकदा पाहिले आहे. ज्या घरात साठवलेले काही नाही, तिथे चार महिने उशिरा आलेली शिष्यवृत्ती ही न आलेल्या शिष्यवृत्तीसारखीच असते.

आता तीन आक्षेप. पहिला, यामुळे दर्जा घसरेल. ट्रीझमनच्या वर्गात गणिते अवघड होती, नॅशव्हिलमध्ये विषय व्हँडरबिल्टचाच होता; वाढवला होता तो आधार. रामन यांनी कमलाबाईंना घातलेली अट म्हणजे उंबरठ्यावर उभे करून पारखणे होते. इथे मागणी आहे ती हात धरून, पण पूर्ण उंचीवर नेण्याची. दुसरा, आरक्षण असताना हे कशाला? असे विचारणाऱ्यांनी आयआयटींतल्या पीएच.डी.चे वरचे २ टक्के पुन्हा पाहावेत. आरक्षण जागा राखते, आणि ते आवश्यक आहे. पण त्या जागेपर्यंत पोहोचण्याआधीची चार-पाच वर्षे कुणी सांभाळायची, याचे उत्तर ते देत नाही.

तिसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो : गरिबाच्या मुलाला पीएच.डी.चे स्वप्न दाखवून पस्तिशीपर्यंत बेकार ठेवायचे का? प्राध्यापकांच्या भरतीची अवस्था पाहता ही भीती खोटी नाही, आणि म्हणूनच सगळ्यांना संशोधनाकडे ढकलावे असे मी म्हणत नाही. पण दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. एक, या पट्ट्याचा उद्योगच बदलतो आहे. विजेवरच्या गाड्यांमुळे बॅटरीचे रसायनशास्त्र, नवे पदार्थ आणि पुनर्वापर हे इथल्या कारखान्यांचे रोजचे प्रश्न झाले आहेत, आणि ते सोडवायला संशोधनाची सवय असलेली माणसे लागणार. दुसरी, कंपनीतली नोकरी आणि संशोधन हे एकमेकांचे शत्रू नाहीत. क्यूसी, म्हणजे गुणवत्ता नियंत्रण विभागात दोन-तीन वर्षे एचपीएलसी हे विश्लेषणाचे यंत्र चालवलेल्या मुलीकडे अचूकता, नोंदींची शिस्त आणि यंत्राची जाण असते, जी थेट विद्यापीठातून आलेल्या अनेकांकडे नसते. तिच्या अनुभवाला आज प्रवेशाच्या मुलाखतीत फारशी किंमत मिळत नाही. तो मोजला गेला, तर कंपनीत लागलेल्या मुलीलाही दोन वर्षांनी मागे वळून प्रयोगशाळेत येता येईल, आणि पुन्हा कंपनीतच, पण संशोधन विभागात, जाता येईल.

सुरुवात मोठ्या योजनेची वाट न पाहता करता येते. पाषाणच्या आणि विद्यापीठ आवारातल्या संस्थांनी या पट्ट्यातल्या पाच-सहा महाविद्यालयांशी करार करून दरवर्षी निदान काही विद्यार्थी सहा महिन्यांसाठी प्रयोगशाळेत घ्यावेत, प्राचार्यांनी ‘कमवा आणि शिका’चे तास तिथे मोजण्याची मागणी विद्यापीठाकडे करावी, कंपन्यांनी त्यांचे वेतन द्यावे. आणि तुमच्या घरात किंवा शेजारी विज्ञानाच्या दुसऱ्या वर्षाला असलेले कुणी असेल, तर त्याला किंवा तिला एवढे आजच सांगा : अकादमींच्या उन्हाळी शिष्यवृत्तीचे अर्ज साधारण दिवाळीच्या आसपास निघतात, जॅमचे अर्ज सप्टेंबरच्या सुमारास सुरू होऊन परीक्षा फेब्रुवारीत होते, आणि विज्ञानात पीएच.डी. करणाऱ्याला नुसती फी भरत बसावे लागते असे नाही, जेआरएफसारखी अधिछात्रवृत्ती मिळवली तर दरमहा विद्यावेतन मिळते.